नवं सिम घेतलं आणि दुसऱ्याच बाईंचं खातं उघडलं

अर्धविराम:

दसऱ्याच्या सुट्टीत कराडला गेलो होतो. आईच्या जुन्या नंबरवर दिवसाला दहा-बारा फोन येतात, कर्जाचे आणि प्लॉटचे. उचलले तर वैताग, नाही उचलले तर कुणी ओळखीचं असेल का ही रुखरुख. म्हणून घरच्या माणसांपुरता वेगळा नंबर असावा असं ठरलं आणि तिला नवं सिम घेऊन दिलं. संध्याकाळी तिच्या फोनवर औषधं मागवायचं एक ॲप टाकलं, नवा नंबर घातला, ओटीपी आला, भरला. पडद्यावर एका अनोळखी बाईंचं नाव आलं. खाली पूर्ण पत्ता: सोसायटी, इमारत, मजला, फ्लॅट. ‘दुपारी बेल वाजवू नये, सासूबाई झोपलेल्या असतात’ अशी पार्सल आणणाऱ्यासाठी सूचना. त्याखाली आधीच्या ऑर्डरी. थायरॉईडच्या गोळ्या, आणखी काही गोळ्या ज्यांची नावं मी इथे लिहिणार नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो.

मी घाईने ॲप बंद केलं. आई शेजारीच चष्मा लावून बसली होती, तिनेही वाचलं होतं. म्हणाली, “अरे, उद्या माझा नंबर असाच कुणाकडे गेला तर माझंही सगळं दिसेल?”

अकरा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाचं, काम करतोय. दिसेल, हे उत्तर मला लगेच माहीत होतं, कारण असंच लॉगिन मी स्वतः लिहिलेलं आहे. युजरच्या टेबलमध्ये मोबाइल नंबरचा कॉलम, त्यावर ‘युनिक’चं बंधन, म्हणजे एक नंबर एकाच खात्याला. नंबर आला, ओटीपी जुळला की त्या ओळीतला माणूस तो हाच असं धरायचं आणि सेशन उघडून, म्हणजे त्याला खात्यात आत, द्यायचं. दोन दिवसांत लिहून झालं होतं. रिव्ह्यूमध्ये कुणी एक प्रश्न विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही.

सोडलेला नंबर कंपन्या पुन्हा विकतात, कारण दहा आकडी नंबर अमर्याद नाहीत. आपल्याकडे नियम असा की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला द्यायचा नाही. बंद नंबर पुन्हा देण्याविरुद्धच्या एका याचिकेत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, हे सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं होतं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती याचिका निकाली काढली. म्हणजे आधीच्या ग्राहकाने आपली माहिती स्वतः काढून घ्यावी, ही जबाबदारी त्याच्यावरच राहिली. आता सांगा, आपला नंबर किती ठिकाणी दिलाय हे कुणाच्या लक्षात असतं? माझ्या नाही. आईला तर नंबर दिला म्हणजे कुठे खातं उघडलं हेच माहीत नाही. दुकानदाराने विचारला, तिने सांगितला.

ओटीपीने नेमकं काय सिद्ध होतं? हे सिम या घटकेला या हातात आहे, एवढंच. दोन वर्षांपूर्वी याच नंबरवरून चिठ्ठी टाकणारी बाई हीच, हे त्याने सिद्ध होत नाही. ही दोन वाक्यं आम्ही कोड लिहिताना एकच समजतो.

तरीही सगळे ओटीपीच का वापरतात, तर कारणं खरी आहेत. पासवर्ड विसरतो. ईमेल लाखो लोकांनी फोन सुरू करताना दुकानदाराकडून काढून घेतलेला असतो आणि पुन्हा कधी उघडलेला नसतो. नंबर मात्र पाठ असतो. मराठीत, हिंदीत, अडाणी माणसाला, कुणालाही सहा आकडे बघून टाकता येतात. त्यामुळे ओटीपी काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण नंबर ही माणसापर्यंत पोचायची वाट आहे, आणि आम्ही तिलाच माणूस समजून बसलोय.

याच आठवड्यात ऑफिसात एक मीटिंग झाली. नव्या ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर नंबर, नाव, ईमेल, जन्मतारीख, लिंग, पिनकोड. मी विचारलं, जन्मतारीख कशाला? वाढदिवसाला सूट द्यायची आहे. मग दिवस आणि महिना पुरे ना, वर्ष कशाला? गप्प. लिंग कशाला? ‘पुढे उपयोगी पडेल.’ आमच्या धंद्यातलं हे सर्वांत महाग वाक्य आहे. पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून घेतलेली माहिती वर्षानुवर्षं पडून राहते, तिच्या बॅकअपच्या प्रती निघतात, टेस्टिंगसाठी कुणीतरी ती आपल्या लॅपटॉपवर उतरवतं. जी माहिती आपल्याकडे नाहीच ती आपल्याकडून फुटूही शकत नाही. शेवटी जन्मवर्ष आणि लिंग निघालं, ईमेल ऐच्छिक झालं. पिनकोड राहिला, तो डिलिव्हरीला खरंच लागतो.

नंबरांच्या बाबतीत तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय का? आणि इथे जे डेव्हलपर आहेत त्यांनी सांगावं, परत आलेल्या नंबरचं तुम्ही काय करता?


पाणवठा:

अगदी उलट बाजूने आलाय. २०१९ मध्ये नोकरी बदलली तेव्हा कंपनीने दिलेला नंबर परत केला. दोन वर्षांनी माझ्या मामेबहिणीने त्याच नंबरवर माझ्या मुलाच्या मुंजीचे फोटो पाठवले. पलीकडून उत्तर आलं, ‘छान आहेत, पण मी तो नाही.’ तो माणूस सभ्य निघाला, हे नशीब. तेव्हापासून व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावून ठेवलाय, घरच्या सगळ्यांना लावून दिलाय. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.


काळीभोर जमीन:

मी बँकेत आहे, तालुक्याच्या शाखेत. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना कळवलं की दूरसंचार विभागाच्या डिजिटल इंटेलिजन्स प्लॅटफॉर्मवर बंद झालेल्या नंबरांची यादी असते, ती वापरून आपल्या ग्राहकांचे नंबर तपासा आणि साफ करा. म्हणजे यादी आहे, निदान बँकांना तरी आहे.

पण शाखेत बसून जे दिसतं ते वेगळं. आजोबा येतात, खात्याला नंबर नातवाचा. नातू पुण्याला गेला, त्याने सिम बदललं, आजोबांना पत्ता नाही. पैसे काढल्याचा मेसेज कुणाच्या फोनवर जातोय हे ना आजोबांना माहीत, ना आम्हाला. पासबुक भरायला आले की मी आता प्रत्येकाला विचारतो, “आजोबा, तुमचा फोन काढा बरं,” आणि काउंटरवरूनच त्या नंबरला रिंग देतो. वाजला तर ठीक. नाही वाजला तर फॉर्म भरून घेतो. रांग वाढते, लोक कुरकुरतात, पण महिन्याला पाच-सात नंबर तरी असे सापडतात.


अर्धविराम:

@काळीभोर जमीन, काउंटरवरून रिंग देणं ही फार चांगली गोष्ट करताय तुम्ही. आमच्या ॲपमध्ये वर्षातून एकदा ‘हा नंबर अजून तुमचाच ना?’ असं विचारायचं मनात होतं, ते आता करतोच.


ओसरी:

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, नऊ वर्षं. माझं भारतातलं सिम सांगलीला बाबांच्या फोनच्या दुसऱ्या खणात आहे. बँक, म्युच्युअल फंड, पॅन, सगळ्याचे ओटीपी तिथे जातात. इकडे रोमिंगवर ठेवून बघितलं, पण मेसेज कधी लगेच येतो, कधी वेळ संपल्यावर. म्हणून बाबांकडे.

आता बघा काय होतं. आम्ही भावंडांनी बाबांना शंभरदा बजावलंय की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकवाला म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही. आणि दर पंधरा दिवसांनी मीच फोन करते, “बाबा, आत्ता एक मेसेज येईल, त्यातले आकडे वाचून दाखवा.” ते चष्मा शोधतात, वाचून दाखवतात. म्हणजे फोनवरच्या आवाजाला आकडे सांगायची सवय त्यांना मीच लावली. उद्या माझ्यासारखा आवाज काढून कुणी मागितले तर त्यांनी ओळखावं कसं? हा विचार आला त्या रात्री झोप लागली नाही. आता आमच्यात ठरलंय: आधी मी व्हिडिओ कॉल करणार, चेहरा दिसल्याशिवाय त्यांनी एकही आकडा सांगायचा नाही. जिथे जिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (मेसेजशिवाय फोनवरच आकडे दाखवणारं) चालतं तिथे ते लावलं. पण बहुतेक ठिकाणी पर्यायच नाही.


खडीसाखर:

ओसरीताई, आमच्याकडेही हेच. फक्त न्यू जर्सी आणि सासरे.

ऑथेंटिकेटरबद्दल एक विचारायचं होतं. त्याला नेट लागत नाही असं मुलगा म्हणतो, मग आकडे येतात कुठून?


अर्धविराम:

खडीसाखर, मुलगा बरोबर सांगतोय. पहिल्यांदा तुम्ही जो क्यूआर कोड स्कॅन करता त्यात एक गुप्त किल्ली असते. ती तुमच्या फोनमध्ये आणि त्यांच्या सर्व्हरवर, दोन्हीकडे राहते. मग दोन्ही बाजू ती किल्ली आणि घड्याळातली वेळ एकत्र करून एकच गणित करतात, साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवं. उत्तर सारखं आलं की दार उघडलं. मधे मोबाइल कंपनी नाही, टॉवर नाही, सिम नाही, त्यामुळे परदेशात उत्तम. दोन गोष्टी सांभाळा: फोनची वेळ आपोआप लागणारी ठेवा, आणि सुरुवातीला जे बॅकअप कोड देतात ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन हरवला की तेच कामाला येतात.


रानजाई:

नंबर देण्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते. कपड्यांच्या दुकानात बिल करताना नंबर विचारतात, मोठ्याने. मागे रांग उभी असते. मी मोठ्याने दहा आकडे सांगायचे आणि रांगेतल्या कुणीही ते ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी असंच सांगितलं आणि त्या रात्रीपासून ‘हाय’, ‘दुकानात पाहिलं’ असे मेसेज. ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून. तीन आठवडे चाललं. रोज ऑफिसातून परत येताना मागे बघत यायचे.

आता मी नाही म्हणते. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सूचना दिलीय की नंबरासाठी अडून बसू नका, नंबर दिला नाही म्हणून माल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे मी काउंटरवर शांतपणे सांगते. बहुतेक वेळा पोरगा गोंधळतो, मॅनेजरला हाक मारतो आणि मॅनेजर बिल करून देतो. त्या पोराचा दोष नसतो, त्याच्या मशीनमध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

तो रकाना कुणी सक्तीचा केला? तुमच्यापैकीच कुणीतरी. रागाने म्हणत नाही, पण हे तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटतं.


अर्धविराम:

पोचलं, रानजाई. कोडमध्ये तो एक शब्द असतो, ‘रिक्वायर्ड’. तो काढायला काही सेकंद लागतात आणि तो लिहिताना आम्ही रांगेत उभ्या असलेल्या बाईचा विचार केलेला नसतो.


टेकाड:

माझा विरोधी सूर समजा हवं तर. एवढा बाऊ का? माझा पत्ता शेजाऱ्यांना माहीत, दूधवाल्याला माहीत, पोस्टमनला माहीत. पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर सगळं छापून घरोघर यायचं. तेव्हा कुणी खासगीपणा म्हणून ओरडलं नाही. मी काही लपवण्यासारखं करत नाही. फुकट सोयी मिळतात, बदल्यात माहिती देतो.


रानजाई:

टेकाडकाका, डिरेक्टरीत माझ्या घरी नंबर होता तो वडिलांच्या नावावर. आणि त्यात मी कुठल्या गोळ्या घेते ते छापलेलं नसायचं.


अर्धविराम:

टेकाड, शेजाऱ्याला तुमचा पत्ता माहीत असतो, दूधवाल्याला किती लिटर ते माहीत असतं, डॉक्टरांना आजार माहीत असतो. प्रत्येकाला एकेक तुकडा, आणि प्रत्येकाला तुम्हीही ओळखता. ॲपकडे हे सगळे तुकडे एका जागी, एका नंबराखाली बांधलेले असतात. वेगवेगळ्या कंपन्यांकडच्या याद्या एकमेकींना जोडायच्या असतील तर सगळ्यात सोपा दोरा म्हणजे हाच नंबर, कारण तो वर्षानुवर्षं बदलत नाही. मी ज्या बाईंचं खातं पाहिलं त्यांनीही लपवण्यासारखं काही केलेलं नव्हतं. त्यांनी औषधं मागवली होती.


टेकाड:

ते पटलं. औषधांचा मुद्दा पटला.


माळरान:

मी परभणी जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. तुमच्या चर्चेत ‘माझा फोन, माझा नंबर’ गृहीत धरलंय. आमच्याकडे घरात फोन एक, तो मुलाकडे, मुलगा ऊसतोडीला किंवा पुण्याला कंपनीत. आधारला जोडलेला नंबर बऱ्याच जणांना माहीतच नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आधार काढायचे कॅम्प झाले तेव्हा ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या अर्जात कुणाचाही नंबर टाकला गेला. कधी सरपंचाचा, कधी मशीनवर बसलेल्या पोराचा. तो पोरगा आता कुठे आहे देव जाणे, पण गावातल्या अर्ध्या वाडीचे ओटीपी त्याच्याकडे जात असतील, किंवा त्याचा जुना नंबर ज्याला मिळाला त्याच्याकडे.

गेल्या वर्षी एका योजनेच्या ई-केवायसीत बाईच्या आधारचा ओटीपी आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी असे दोन लागत होते. एक मावशी आल्या, नवरा वारलेला, वडील कधीच वारलेले. स्क्रीनवर पुढे जायचं बटण उजळतच नव्हतं. त्या माझ्याकडे बघतात, मी स्क्रीनकडे बघतो. मी काय सांगणार? त्या तीन वेळा चालत आल्या, सहा किलोमीटर. नंतर सवलतीचा मार्ग निघाला, पण त्या तीन फेऱ्या कुणी परत देणार नाही.

तुम्ही लोक स्क्रीन बनवताना एकदा आमच्या केंद्रात येऊन दिवसभर बसा. चहा मी पाजतो.


अर्धविराम:

माळरान, मी येतो. खरंच येतो, खरडवहीत निरोप टाकतो.


कप्पी:

सिक्युरिटीत काम करतो, हैदराबाद. मूळ प्रश्नावर येऊ, परत आलेल्या नंबरचं काय करायचं.

२०२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या केविन ली आणि अरविंद नारायणन यांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या मोबाइल कंपन्या नव्या ग्राहकांना देऊ करत असलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ नंबर लोकप्रिय वेबसाइटींवर कुणाच्या ना कुणाच्या चालू खात्याला जोडलेले निघाले. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत घडलं तो अपवाद अजिबात नाही.

आमच्याकडे आम्ही असं करतो. प्रत्येक खात्याला आपला स्वतंत्र अंतर्गत क्रमांक, नंबर ही फक्त त्याला जोडलेली एक नोंद, जोडल्याची आणि शेवटची खात्री झाल्याची तारीख धरून. ओळखीच्या फोनवरून लॉगिन आलं तर सरळ आत. अनोळखी फोन आणि सहा महिन्यांत काही हालचाल नाही, तर ओटीपी बरोबर असला तरी जुनं काहीच दाखवायचं नाही.


अर्धविराम:

आम्ही असा विचार करत होतो की अशा वेळी पिनकोड विचारावा किंवा तीन नावांतून आपलं नाव निवडायला सांगावं.


कप्पी:

पिनकोड नको. नंबर बहुधा त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल कंपनीच्या त्याच विभागात, पुन्हा विकला जातो, त्यामुळे नव्या माणसाचा पिनकोड शेजारचाच असू शकतो. आणि तीन नावं दाखवलीत की त्यातलं एक खरं नाव तुम्ही फुकट देऊन टाकलंत.


अर्धविराम:

बरोबर, नावांचं लक्षात आलं नव्हतं. मग जुना खरा ग्राहकच फोन बदलून वर्षाने परत आला तर? त्याला प्रश्न विचारला की तो अडतो. आईला ‘मागच्या वेळी काय मागवलं होतं’ विचारलं तर तिला सांगता येणार नाही.


कप्पी:

म्हणून प्रश्नच विचारू नका. कोरं खातं उघडून द्या, ‘तुमचं आधीचं खातं हवं असेल तर इथे दाबा’ असं खाली ठेवा. ज्याला हवंय तो ईमेलने किंवा हेल्पलाइनवर बिल दाखवून मिळवेल. किराण्याची जुनी यादी गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. वॉलेटमध्ये पैसे असतील तर मात्र ते वेगळं प्रकरण, तिथे केवायसीच लागेल. तुम्ही सगळ्या माहितीला एकाच कुलपात ठेवताय, चिठ्ठ्या एका कुलपात आणि पत्ता दुसऱ्या असं वेगळं करा.


तोरणा:

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली, का नाही वापरत? मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून पाठिंबा जाहीर केलाय. बोट लावलं की आत. खासगी किल्ली सर्व्हरवर जातच नाही, सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक किल्ली, त्यामुळे सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती कामाचं काही लागत नाही. शिवाय ती किल्ली खऱ्या वेबसाइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते, हुबेहूब नकली पान केलं तरी तिथे ती चालत नाही. नंबरांचा प्रश्नच मिटला.


माळरान:

दादा, बोट कुणाचं? फोन मुलाचा आहे.


तोरणा:

हं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.


कप्पी:

तोरणा, ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांच्यासाठी पासकी नक्की द्यावी, मी रोज वापरतो. पण फोन गेला आणि गूगलचं किंवा ॲपलचं खातंही गेलं तर परतीची वाट म्हणून पुन्हा एसएमएसच ठेवतात बहुतेक कंपन्या, आणि मग फिरून मूळ जागी.

‘गूगलने साइन इन’ वापरणाऱ्यांनीही एक बघा. गूगल ॲपला जे टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, पाठवतं त्यात ‘सब’ नावाची न बदलणारी ओळख येते, आणि ईमेलही येतो. खातं त्या ‘सब’ला बांधायचं, ईमेलला नाही. ऑफिसचा ईमेल पत्ता माणूस सोडून गेल्यावर त्याच नावाच्या दुसऱ्याला मिळू शकतो. ही चूक मी दर दोन ॲपच्या कोडमागे एकात पाहतो.


खडीसाखर:

आणखी एक शंका. मी ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिलेली नाही, तरी ओटीपी आपोआप भरला जातो. म्हणजे ते चोरून वाचतात का?


अर्धविराम:

नाही, चोरून नाही. अँड्रॉइडवर ओटीपीच्या मेसेजच्या शेवटी अकरा अक्षरांचा एक निरर्थक वाटणारा शब्द दिसतो ना? ती त्या ॲपची खूण आहे. गूगल प्ले सर्व्हिसेस ती खूण ओळखून तेवढा एकच मेसेज त्या ॲपच्या हाती देते, बाकीचे मेसेज त्याला दिसत नाहीत. काही ॲप ‘हा मेसेज वाचू देऊ का?’ असं विचारतात, तीही एका मेसेजपुरतीच परवानगी. उलट जे ॲप सरसकट सगळे एसएमएस मागतं त्याच्यापासून सावध राहा. झटपट कर्ज देणारं एखादं ॲप मेसेज, संपर्क आणि फोटो तिन्ही मागत असेल तर ते टाकूच नका.


कातळशिल्प:

वकिली करते, रत्नागिरी. कायद्याचं थोडं सांगते, कारण लोक समजतात आपल्याकडे काहीच नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

मला त्यातल्या दोन तरतुदी जवळच्या वाटतात. एक, माहिती कशासाठी घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत. अर्धविराम, तुमच्या ‘पुढे उपयोगी पडेल’ला मराठीत लिहून आपल्या आईसमोर ठेवावं लागेल, आणि तिने दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज तिला मागे घेता आली पाहिजे. दुसरी म्हणजे नामनिर्देशन. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीबद्दलचे हक्क कुणी वापरायचे ते नेमून ठेवता येईल. बँकेत नॉमिनी असतो तसा.


उंबरठा:

नामनिर्देशनाचं वाचलं म्हणून आज पहिल्यांदा इथे लिहितोय, एरवी फक्त वाचतो.

बाबांना जाऊन चौदा महिने झाले. त्यांचा नंबर मी अजून रिचार्ज करतोय. फोन आईच्या उशाशी असतो. कधी कधी ती त्यावर स्वतःच्या फोनवरून रिंग देते, वाजला की बंद करते. मी काही बोलत नाही. पण दुसरं कारणही आहे. गॅस, वीजबिल, त्यांची दोन बँक खाती, एलआयसी, सोसायटीचा ग्रुप, सगळं त्या नंबरवर. सोडला तर तीन महिन्यांनी कुणाकडे जाईल आणि त्याला काय काय दिसेल, हे अर्धविराम यांचं वाचून पहिल्यांदा नीट डोळ्यांसमोर आलं. कधीतरी सोडावा लागणारच आहे. कुठून सुरुवात करू?


काळीभोर जमीन:

उंबरठा, आधी बँक. मृत्यू दाखला घेऊन शाखेत जा, नॉमिनी असेल तर काम सोपं आहे. दावा पूर्ण होईपर्यंत नंबर चालू ठेवा, मधेच काही पडताळणी निघाली तर लागतो. एलआयसीचंही तसंच. गॅस आणि वीज आईंच्या नावावर करून घ्या, त्यात नंबर आपोआप बदलेल.


अर्धविराम:

त्यांच्या फोनमधले जुने मेसेज शांतपणे एकदा वाचून काढा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी २०२५ पासून एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. पी सोडून द्या. एस, टी आणि जी जिथून आलेत तिथे तिथे खातं आहे असं धरून यादी करा. कागदावरच करा. मग एकेक बंद करा किंवा नंबर बदला. व्हॉट्सॲप सगळ्यात शेवटी. त्यातले फोटो आणि त्यांचे आवाजातले निरोप आधी उतरवून घ्या, नंबर दुसऱ्याने सुरू केला की ते परत मिळायचे नाहीत.


कातळशिल्प:

आणि संचार साथी पोर्टलवर बाबांच्या नावावर आणखी कुठलं सिम आहे का तेही बघून घ्या. एखादं जुनं निघतं.


उंबरठा:

आवाजातले निरोप लक्षातच नव्हते. आहेत, बरेच आहेत. या रविवारी आईला घेऊन बसतो.


पाणवठा:

अर्धविराम, त्या बाईंच्या खात्याचं पुढे काय झालं?


अर्धविराम:

अजून सुटलेलं नाही. हेल्पलाइनला तीनदा फोन केला. ते म्हणतात, नंबर ज्याच्याकडे आहे त्यानेच विनंती केली पाहिजे. म्हणजे आईने. ती केली तर त्या बाईंचं खातं कायमचं पुसून टाकतील, त्यांच्या चिठ्ठ्यांसकट, त्यांना न विचारता. आई तयार नाही. म्हणते, त्यांना लागत असतील त्या चिठ्ठ्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सविस्तर ईमेल लिहिलाय की तुमच्याकडे बाईंचा ईमेल किंवा पत्ता असेल तर आधी त्यांना कळवा आणि तोवर या नंबरचं लॉगिन थांबवा. काल पोच आली, तक्रार क्रमांक मिळाला. ॲप आईच्या फोनवरून काढलंय. तिच्या गोळ्या सध्या चावडी चौकातल्या दुकानातून आणतोय.